'शस्त्रक्रिया यशस्वी' म्हणजे नेमके काय?

हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत एका ठरावीक साच्यात येते. रुग्ण कुठल्या गावचा, शस्त्रक्रिया किती तास चालली, डॉक्टर किती होते, खर्चाची तोंडमिळवणी कशी झाली, आणि शेवटी शस्त्रक्रिया यशस्वी झाली असून रुग्णाची प्रकृती स्थिर असल्याचे वाक्य. सोबत फुलांचा गुच्छ हाती घेतलेल्या रुग्णाचे छायाचित्र. ही बातमी सहसा शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा दिवसांच्या आत येते. त्यानंतर त्या रुग्णाचे पाच वर्षांनी काय झाले, हे छापून आल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. मांजरी परिसरातल्या शाळांमध्ये विज्ञान-फलकावर अशी कात्रणे हौसेने लावलेली आम्ही पाहतो. मुले ती वाचतात आणि मनाशी एक समीकरण बांधतात: हृदय बिघडले, ते बदलले, माणूस बरा झाला. आमचा आक्षेप या समीकरणाला आहे. ते खोटे नाही. पण त्यातली शेवटची पायरी चुकीची आहे, आणि ती चूक शिक्षकांनाच दुरुस्त करता येण्यासारखी आहे.

पुण्याशी संबंध असलेल्या एका घटनेपासून सुरुवात करू. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात मेंदूमृत घोषित झालेल्या एका महिलेचे हृदय तिच्या कुटुंबाच्या संमतीने काढण्यात आले. रस्ता मोकळा ठेवून ते लोहगावला, तिथून विमानाने मुंबईला आणि पुन्हा मोकळ्या रस्त्याने मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात नेले गेले. तेथे डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते एका तरुणाच्या छातीत बसवले. मुंबईतल्या हृदय-प्रत्यारोपणाच्या आजच्या पर्वाची सुरुवात म्हणून ही घटना ओळखली जाते. त्या वेळी सगळे लक्ष घड्याळाकडे होते, आणि ते योग्यही होते. शरीराबाहेर काढलेले, बर्फात गार ठेवलेले हृदय साधारण चार तासांच्या आत पुन्हा रक्ताला जोडावे लागते. उशीर होईल तसा धोका वाढत जातो. पोलिसांनी चौक मोकळे केले, रुग्णवाहिका धावली. थरारक गोष्ट आहे. परंतु या गोष्टीत मोजले गेले ते मिनिटांचे अंतर. रुग्णाला मोजायची असतात ती वर्षे.

याच मुंबईत त्यापूर्वी ४७ वर्षे हा प्रयत्न झाला होता, हे पुष्कळ शिक्षकांना ठाऊक नसते. फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी माणसाच्या हृदयाचे प्रत्यारोपण केले. आशियातले ते पहिले आणि जगातले सहावे. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्णही एका दिवसापेक्षा कमी काळ जगला.

आता 'जगातले सहावे' हे वाचून अभिमान वाटतो आणि 'तीन तास' वाचून मान खाली जाते. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. पहिली सहा प्रत्यारोपणे शेजारी शेजारी मांडून पाहा. केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणातला रुग्ण १८ दिवस जगला. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये एका तान्ह्या बाळावर झालेला प्रयत्न काही तासांत संपला. बर्नार्ड यांचा जानेवारी १९६८ मधला दुसरा रुग्ण १९ महिने जगला. स्टॅनफर्डला नॉर्मन शुमवे यांचा पहिला रुग्ण १५ दिवस. न्यूयॉर्कचा दुसरा प्रयत्न पुन्हा काही तास. आणि मग मुंबई, तीन तास. सहा जणांत महिनाभर पार केला तो एकाने. तरीही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आपण मुलांकडून काय पाठ करून घेतो? पहिले प्रत्यारोपण कोणी केले, कुठे केले, कोणत्या तारखेला केले. रुग्ण किती दिवस जगला, हा प्रश्न आम्ही एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही.

१९६८ या एका वर्षात जगभर शंभराहून अधिक हृदय-प्रत्यारोपणे झाली. टाके घालण्याचे कौशल्य पुष्कळांकडे होते. रुग्ण मात्र आठवड्यांत, महिन्यांत दगावत गेले आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. सेन यांचे हात कुणापेक्षा कमी होते असे समजण्याचे कारण नाही; प्राण्यांवरील प्रयोगांची अनेक वर्षांची तयारी त्यांच्या गाठीशी होती. कमतरता होती ती शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या गोष्टींची.

त्यातली पहिली म्हणजे शरीराची ओळखपरेड. आपल्या प्रतिकारयंत्रणेला नवे हृदय 'उपकार' म्हणून दिसत नाही, परक्या प्रथिनांचा गोळा म्हणून दिसते, आणि लसिका पेशी त्यावर तुटून पडतात. हा हल्ला सुरू झाला आहे हे कळणार कसे? रुग्णाला त्रास जाणवेपर्यंत स्नायूचे बरेच नुकसान झालेले असते. स्टॅनफर्डला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप केव्हज यांनी मानेतल्या शिरेतून आत सरकवायचा एक लवचीक चिमटा वापरात आणला. त्याने हृदयाच्या आतल्या भिंतीचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागला. बाकीच्यांनी काम थांबवले तेव्हा शुमवे यांनी ते चालू ठेवले होते, आणि हा चिमटा त्या चिकाटीचे फळ. दुसरी भर सायक्लोस्पोरिनची. नॉर्वेतील हार्डांगरविड्डा पठारावरच्या मातीतून मिळालेल्या एका बुरशीतले हे द्रव्य. प्रतिकारयंत्रणेला सरसकट झोपवण्याऐवजी ते मुख्यतः टी-पेशींना आवरते, हे १९७० च्या दशकात लक्षात आले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. मातीतली बुरशी नसती तर विमाने आणि मोकळे रस्ते यांचा काही उपयोग नव्हता.

भारतात आणखी एक अडचण होती, कायद्याची. मेंदू मृत झाला आहे पण हृदय चालू आहे, अशा व्यक्तीला मृत मानणारा कायदा आपल्याकडे नव्हता. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यावर संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातले पहिले यशस्वी हृदय-प्रत्यारोपण केले. इथे 'यशस्वी' हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो आहोत. कारण तो रुग्ण त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जगला.

आज चित्र किती बदलले आहे? जगभरच्या नोंदी पाहिल्या तर प्रौढांमध्ये प्रत्यारोपणानंतर एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १०० मध्ये ८५ च्या वर गेले आहे, आणि निम्मे रुग्ण साधारण बारा वर्षे किंवा त्याहून अधिक जगतात. ज्यांना अन्यथा वर्षभराचीही खात्री नव्हती, त्यांच्यासाठी हे फार मोठे आहे. ते कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण या बारा वर्षांत काय काय असते तेही फलकावर लागले पाहिजे. गोळ्या आयुष्यभर, ठरल्या वेळी. प्रतिकारशक्ती दाबलेली, म्हणून साधी बुरशी किंवा निद्रिस्त विषाणूही जिवावर बेतू शकतो. सायक्लोस्पोरिन आणि त्याच्या जातकुळीतली औषधे मूत्रपिंडावर परिणाम करतात. काही कर्करोगांचे, विशेषतः त्वचेच्या व लसिका ग्रंथींच्या कर्करोगांचे प्रमाण वाढते. आणि नव्या हृदयाच्या रोहिण्या हळूहळू आतून जाड होत जातात. पाच वर्षांनी सुमारे तीनात एका रुग्णात, दहा वर्षांनी जवळजवळ निम्म्यांत हा बदल आढळतो.

हा शेवटचा विकार कपटी आहे, आणि त्याचे कारण वर्गात सांगण्यासारखे आहे. हृदय काढताना त्याच्या नसा कापल्या जातात. रक्तवाहिन्या शिवता येतात, नसा शिवता येत नाहीत. म्हणून रक्तपुरवठा कमी पडला तरी बहुतेक प्रत्यारोपित रुग्णांच्या छातीत दुखतच नाही. धोक्याची घंटा वाजवणारी तारच तुटलेली असते. तपासणी करूनच रोग शोधावा लागतो. तरीही हृदय धडधडत राहते, कारण ठोक्याचा उगम मेंदूत नसून हृदयाच्या उजव्या अलिंदातील पेशींच्या पुंजक्यात असतो. ठोके मंदावणाऱ्या व्हेगस नसेचा लगाम सुटल्यामुळे असे हृदय विश्रांतीतही मिनिटाला ९० ते १०० च्या घरात चालते. जिना चढू लागल्यावर ते लगेच वेग घेत नाही. रक्तातून ॲड्रेनॅलिन येऊन पोचेपर्यंत काही मिनिटे जातात, आणि थांबल्यावरही ते लगेच शांत होत नाही. हृदय स्वयंचलित आहे आणि नसा त्याचा फक्त वेग बदलतात, हे आपण धड्यात शिकवतो. त्याचा याहून बोलका पुरावा आम्हाला सुचत नाही.

तरी प्रत्यारोपण हा शेवटी मोजक्यांचा मार्ग. आपल्या सगळ्या देशात अलीकडच्या वर्षांत वर्षाला दोनशे ते अडीचशे हृदय-प्रत्यारोपणे होतात. झडपांच्या शस्त्रक्रियांची गोष्ट वेगळी आहे. झडप बदललेला माणूस तुमच्या गल्लीत, कदाचित तुमच्या शिक्षक-खोलीतही असेल. आणि इथे 'यशस्वी' या शब्दाची फोड अधिक बारकाईने करावी लागते.

मुलांना एक गणित घालून पाहा. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एक झडप वर्षाला किती वेळा उघडते? उत्तर ३ कोटी ७८ लाखांच्या वर येते. दहा वर्षांत जवळजवळ ३८ कोटी. घराच्या दाराची बिजागरी इतक्या वेळा हलवली तर काय उरेल? १९६० मध्ये आल्बर्ट स्टार आणि लॉवेल एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूसारखी झडप यशस्वीपणे बसवली, तेव्हापासून जगभरच्या अभियंत्यांचा झगडा या आकड्याशी आहे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या गटाने भारतीय झडप बनवायला घेतली तेव्हा आधीचे नमुने एकामागून एक सोडून द्यावे लागले. चकतीसाठी नीलमणी, म्हणजे सफायरचा अतिकठीण स्फटिकही वापरून पाहिला. कठीण वस्तू जास्त टिकेल असे आपल्याला सहज वाटते. पण टिकण्याचा प्रश्न एका वस्तूचा नसतो, एकमेकांवर घासणाऱ्या दोन वस्तूंचा असतो. अखेर कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट आणि एका विशेष जातीच्या पॉलिथिनची चकती ही जोडी टिकली. डिसेंबर १९९० मध्ये ही चित्रा झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना ती मिळाली, तीही आयात झडपेच्या मानाने पुष्कळ कमी किमतीत.

या उलट उदाहरणही आहे. ब्योर्क-शायली जातीच्या झडपेचा एक सुधारित प्रकार १९७९ ते १९८६ या काळात विकला गेला. जगभर सुमारे ८६ हजार झडपा बसवल्या गेल्या. त्यातल्या काहींत चकतीला धरून ठेवणारी एक जोडकामाची दांडी काही वर्षांनी तुटू लागली. चकती निसटली की झडप उघडीच राहते. बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. अशा सहाशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. यातल्या प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रिया 'यशस्वी' झालेली होती, हे विसरू नका. शल्यचिकित्सकाच्या हातून चूक झाली नव्हती, रुग्ण चालत घरी गेला होता. दोष कळला तो नंतर रुग्णांचा माग ठेवला म्हणून. नेदरलँड्ससारख्या लहान देशात ही झडप बसवलेल्या सुमारे २,३०० रुग्णांचा माग काढून १९९२ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. कोणत्या आकाराच्या झडपेला आणि कोणत्या वयाच्या रुग्णाला धोका जास्त, हे त्यातून कळले. आपल्याकडे पत्ता बदललेल्या, नाव वेगळ्या स्पेलिंगने नोंदलेल्या, गावी परतलेल्या रुग्णाचा असा शोध कोण घेतो?

धातूची झडप तुटत नाही तेव्हाही ती एक कायमचे देणे मागे ठेवते. रक्ताला परका पृष्ठभाग दिसला की ते गोठू पाहते. झडपेवर गुठळी धरली तर झडप अडकते. गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून अशा रुग्णाला वॉरफरिन किंवा असिनोकुमरॉल ही रक्त गोठण्याचा वेग कमी करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. या औषधाचा जन्म गोठ्यातला आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरसलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच कुळातले वॉरफरिन आधी उंदीर मारण्यासाठी विकले गेले आणि १९५० च्या दशकात माणसांसाठी औषध झाले. यकृतात रक्त गोठवणारी काही प्रथिने तयार होण्यासाठी 'के' जीवनसत्त्व लागते; वॉरफरिन त्याच जीवनसत्त्वाच्या पुनर्वापरात खोडा घालते.

'के' जीवनसत्त्व कशात असते? हिरव्या पालेभाज्यांत. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आलेल्या आमच्या मांजरी बुद्रुकच्या उपबाजारात शेतकरी स्वतः पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांच्या जुड्या घेऊन येतात आणि शहरातले किरकोळ विक्रेते त्या घेऊन जातात. त्यातली एक जुडी झडप बदललेल्या माणसाच्या ताटात पोचली तर? दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात. कोणी म्हणते, पालेभाजी विष समजा. कोणी म्हणते, भाजीने काय होते, खा खुशाल. दोन्ही सल्ले चूक. मुद्दा प्रमाणात सातत्य ठेवण्याचा आहे. जो रोज थोडी भाजी खातो त्याची गोळीची मात्रा त्या भाजीसह ठरवता येते. थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून पंधरा दिवस रोज खाल्ली आणि मग महिनाभर बंद केली, तर आधी गुठळीचा आणि नंतर रक्तस्रावाचा धोका. उपवास, जुलाब, अंगदुखीवर दुकानातून घेतलेली गोळी, प्रतिजैविके, अनोळखी काढे यांनीही हा तराजू हलतो. म्हणून आयएनआर नावाची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. साधारणपणे महाधमनीच्या झडपेसाठी हा आकडा २ ते ३ आणि मायट्रल झडपेसाठी २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान ठेवतात. नव्या गोळ्या आल्या आहेत, ज्यांना ही तपासणी लागत नाही. पण त्यातल्या डाबिगाट्रानची धातूच्या झडपेच्या रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ च्या सुमारास थांबवावी लागली. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. तेव्हा जुनी गोळी आणि सुईची टोचणी यांना अजून पर्याय नाही.

समजा, गुठळी किंवा मोठा रक्तस्राव यांचा मिळून धोका वर्षाला १०० मध्ये २ इतकाच आहे. आकडा लहान वाटतो. पण वीस वर्षांच्या मुलीला झडप बसवली आणि ती पन्नाशीपर्यंत जगली तर तीस वर्षांत एकदाही काही न होण्याची शक्यता ०.९८ चा तीसावा घात, म्हणजे सुमारे ०.५५. जवळजवळ निम्म्या जणींना केव्हातरी हा प्रसंग येणार. साठीत झडप बदललेल्या माणसाच्या नफा-तोट्याचे गणित आणि या मुलीचे गणित एक नाही.

आणि मुलीच आम्ही मुद्दाम म्हटले. आपल्याकडे मायट्रल झडप आकसलेल्या रुग्णांत तरुण स्त्रिया खूप. वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. ते थांबवून हेपॅरिनची इंजेक्शने द्यावीत, तर झडपेवर गुठळी धरण्याचा धोका वाढतो. डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून बनवलेली झडप घ्यावी, तर जन्मभराच्या गोळीची गरज उरत नाही. पण तरुण शरीरात ती झडप लवकर चुना धरते आणि दहा-बारा वर्षांत, कधी त्याही आधी, दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. कोणतीही निवड निर्दोष नाही. लग्न ठरवताना ही माहिती दोन्ही घरांनी उघडपणे बोलायला हवी. होते ते बहुधा उलट, टाक्यांचा व्रणसुद्धा लपवला जातो.

आता रुग्णालयांच्या जाहिरातींतल्या टक्केवारीकडे वळू. '९८ टक्के यश' याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की १०० मधले ९८ जण शस्त्रक्रियेनंतर ३० दिवस जिवंत होते, किंवा रुग्णालयातून घरी गेले. एकतिसाव्या दिवसाचे काय, हा प्रश्न त्यात नाही. कोणते रुग्ण घेतले आणि कोणते परत पाठवले, हेही त्यात नाही. अवघड रुग्ण नाकारणाऱ्याची टक्केवारी नेहमीच चांगली दिसते.

लहान आकड्यांची फसवणूक आणखी वेगळी. एखाद्या नव्या केंद्रात पहिले २० रुग्ण एकही मृत्यू न होता पार पडले, तर 'शंभर टक्के यश' अशी जाहिरात होते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे: प्रत्यक्ष मृत्यूचे प्रमाण १०० मध्ये १४ असते, तर सलग २० जण वाचण्याची शक्यता किती? ०.८६ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.०५. दुर्मीळ, पण अशक्य नाही. संख्याशास्त्रज्ञ एक सोपा नियम वापरतात. क्ष रुग्णांत एकही मृत्यू झाला नसेल तर खरा धोका ३ भागिले क्ष इतका असू शकतो असे धरून चालावे. वीसात शून्य म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत धोका शक्य, तीनशेत शून्य म्हणजे १ टक्क्यापर्यंत.

सगळ्यांत मोठे भगदाड पाठपुराव्याचे. एक कल्पित रुग्णालय घ्या. २०० झडपा बसवल्या. पाच वर्षांनी पत्रे पाठवली, १२० जणांचा पत्ता लागला, त्यांतले १०८ जिवंत. जाहिरात म्हणते ९० टक्के. पण ८० जण हरवलेत. ते सगळे ठीक असतील तर १८८ जिवंत, ९४ टक्के. सगळे गेले असतील तर १०८, म्हणजे ५४ टक्के. सत्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. आणि हरवलेले रुग्ण ठीकच असतील असे मानायला आधार काय? गोळ्यांना पैसे नाहीत, तपासणीला यायला गाडीभाडे नाही, म्हणूनच पुष्कळ जण हरवतात. अडकलेल्या झडपा त्यांच्यातच जास्त असण्याचा संभव. या दृष्टीने पाहिले तर सेन यांचे 'तीन तास' हा आकडा आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात कोणी हरवलेले नाही.

इथवर वाचून शिक्षक म्हणतील, हे सारे डॉक्टरांनी आणि पत्रकारांनी वाचावे, आम्ही काय करणार? पण भारतातल्या तरुण रुग्णांच्या झडपा बिघडतात कशा, हे पाहिले की प्रश्न शाळेत येतो. घसा दुखतो. पुष्कळदा कारण विषाणू असते आणि तो आपोआप बरा होतो. काही मुलांत मात्र ते स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूमुळे असते. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, आणि जिवाणूच्या काही प्रथिनांचे हृदयाच्या ऊतींशी साम्य असल्याने ती आपल्याच हृदयावर चालून जातात. प्रत्यारोपणात प्रतिकारयंत्रणा परक्याला ओळखून मारते. इथे ती आपल्यालाच परके समजते. दोन-तीन आठवड्यांनी ताप, आज गुडघा तर परवा घोटा असे फिरते सांधेदुखणे. याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. वय बहुतेक ५ ते १५. सांधे पूर्ण बरे होतात, झडपा मात्र जाड आणि आखूड होत जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हल्ल्यात नुकसान वाढत जाते. जगात चार कोटींहून अधिक लोक या आजाराचे परिणाम भोगत आहेत, बहुतेक गरीब, दाटीवाटीने राहणारे.

या तापाचे एक रूप तर शिक्षकालाच आधी दिसते. काही मुलांत, मुलींमध्ये अधिक, हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होतात. चांगले अक्षर एकाएकी बिघडते, पेन हातातून पडते, चेहरा वेडावाकडा होतो. वर्गात याला चाळे म्हटले जाते आणि छडी किंवा ओळी लिहायची शिक्षा मिळते. अक्षर महिन्याभरात बिघडले असेल तर वहीवर लाल शेरा मारण्यापूर्वी पालकांना बोलावून मुलाला डॉक्टरकडे पाठवावे, हे आम्हाला कुठल्याही प्रत्यारोपणाच्या कात्रणापेक्षा महत्त्वाचे वाटते.

ऱ्हुमॅटिक ताप एकदा आलेल्या मुलाला पुढचे हल्ले होऊ नयेत म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन साधारण दर तीन आठवड्यांनी देतात. हृदयाला इजा झाली असेल तर किमान दहा वर्षे किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, यांतले जे जास्त असेल तोवर, आणि इजा गंभीर असेल तर त्याहूनही पुढे. औषध जुने, स्वस्त. पेनिसिलिन भारतात बनावे म्हणून १९५४ मध्ये याच पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पण कारखाना, औषध आणि दवाखाना असूनही इंजेक्शने चुकतात. अकराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत सुमारे १७४ टोचण्या, त्याही दुखऱ्या. या काळात मुलाला काहीच होत नसते. ते खेळते, पळते, म्हणून घरच्यांना वाटते, आता कशाला?

एखाद्या मुलाचे इंजेक्शन १० एप्रिलला झाले असे समजा. पुढचे येते १ मेला. त्या दिवशी सुट्टी. त्यानंतरचे २२ मेला, तेव्हा मूल मामाच्या गावी. मग १२ जूनला, आणि त्या वेळी शाळाही अजून उघडलेली नसते.